शेऱ्याचा रकाना

४ फेब्रुवारी, मंगळवार

"पट्टीला हात लावायचा नाही. ती हलली तर समुद्राची उंची बदलेल."

मी सहा-सात वर्षांची असेन, तेव्हा बाबा म्हणाले होते. धक्क्याच्या भिंतीला ठोकलेली लाकडी पट्टी, काळे-पांढरे आकडे, खालच्या टोकाला शेवाळ. मी घाबरून हात मागे घेतला. नंतर कितीतरी दिवस मला वाटायचं, समुद्र त्या पट्टीला टांगलेला आहे!

आज हे आठवायचं कारण म्हणजे दारात सरकवून गेलेलं पत्रक. त्यात बाबांचे भरतीचे आकडे. छत्तीस वर्षं, दिवसातून दोनदा, धक्क्यावर उभं राहून त्यांनी वह्यांत लिहिलेले. बाबांचं अक्षर दुसऱ्या कुणाला लागत नाही, म्हणून नगरपालिकेने ते माझ्याकडून टंकून घेतले – गेल्याच महिन्यात. आणि आता त्यांच्यावर ठळक अक्षरांत मथळा: समुद्र चढत नाही.

सोळा तारखेला सभा आहे. खालच्या गल्लीपुढे भिंत बांधायची की नाही, ते हात वर करून ठरणार. माझी धाकटी बहीण त्या गल्लीत राहते. तळमजल्यावर.

५ फेब्रुवारी

आमच्या वाचनालयात वर्तमानपत्रांच्या टेबलाची वाटणी झाली आहे. खिडकीकडे चढवाले, पंख्याखाली नचढवाले. जे दोन पेन्शनर वर्षानुवर्षं एकाच चष्म्यातून आळीपाळीने पेपर वाचायचे, ते आता चष्मा मागायलाही मला मध्ये घालतात.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

फरशीवाला आला होता. पत्रक त्याचंच. समुद्रालगतच्या नव्या वस्तीतल्या निम्म्या घरांना फरशी त्याने पुरवली आहे. समुद्र चढतो म्हटलं तर ती घरं कोण घेणार? माणूस वाईट नाही. पण बोलणं असं, की आपण हो म्हणून मोकळे होतो. म्हणाला, "ताई, तुमच्या बाबांनी छत्तीस वर्षं समुद्राची नाडी धरली. चढला असता तर त्यांना कळलं नसतं?"

मी पुस्तकांवर शिक्के मारत राहिले. एका पुस्तकावर दोनदा मारला.

तो गेल्यावर कॉलेजातल्या भूगोलाच्या बाई आल्या. त्यांनी मी टंकलेले आकडे आलेखावर मांडले होते. रेघ सव्वीस वर्षं हळूहळू चढते. मग एका जागी धपकन खाली. मग पुन्हा दहा वर्षं चढते. सगळ्याची सरासरी काढली तर जवळपास सपाट – फरशीवाला तेवढंच दाखवतो. बाई त्या उतरणीवर बोट ठेवून म्हणाल्या, "इथे काय झालं? कुणी समुद्राचं बूच काढलं का?"

मी हसले. पण ते वर्ष वाचलं आणि हसू जागच्या जागी राहिलं. आई गेली ते वर्ष. मी अकराची, धाकटी चारची.

बाई म्हणाल्या, पट्टी तेव्हा बदलली असेल तर प्रश्न सुटतो. पण तशी लेखी नोंद हवी. "नोंद नसली तर आम्ही आकडे फिरवतोय असंच म्हणतील."

८ फेब्रुवारी

पट्टी बदलली होती. मला आठवतंय. एका होडीने धडक दिली आणि तिचे दोन तुकडे झाले. वरचा तुकडा किती दिवस आमच्या जिन्याखाली पडून होता – धाकटी त्यावर बाहुली झोपवायची.

पण माझ्या आठवणीला कोण विचारतो?

१२ फेब्रुवारी, पौर्णिमा

भरतीच्या वेळी मुद्दाम धाकटीकडे गेले. दुपारचे सव्वाबारा. मोरीच्या जाळीतून आधी बुडबुडे, मग पाणी. खारट. घाण वाटेल, पण मी बोट लावून चाखलं. घोट्याएवढं झालं आणि तिने उंबऱ्याशी जुनी चादर कोंबली – रोज दाराला कडी लावावी तशी. बाळाचा पाळणा तिने चार विटांवर चढवला आहे. गेल्या वर्षी दोन होत्या.

तिचा नवरा फरशीवाल्याच्या बाजूचा. ओरडा करून आपल्याच घराची किंमत पाडायची का, असं त्याचं म्हणणं. ती पाणी उपसत राहिली. मला सोडायला कोपऱ्यापर्यंत आली तेव्हा म्हणाली, "ताई, माझ्या मोरीत रोज पुरावा येतो. तोही टंकून दे ना."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बाबांना विचारलं. सकाळी, दाढी करून देताना – तेव्हा त्यांना उठून जाता येत नाही.

"बाबा, नवी पट्टी कशावरून लावली होती?"

त्यांनी दुसरा गाल पुढे केला. मग म्हणाले, खुणेवरून लावायची असते. धक्क्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर दगडात खूण कोरलेली आहे, पूर्ण ओहोटी लागली की उघडी पडते, तिथून मोजायचं. हे ते मला लहानपणापासून सांगत आलेत.

"असते ते नाही. तुम्ही कशावरून लावली?"

"वहीत असेल."

"सगळ्या वह्या मी टंकल्यात. काही नाही."

"मग नसेल," म्हणाले, आणि फेसासकट तोंड खिडकीकडे वळवलं.

एक्याऐंशी वर्षांचा माणूस. साबणाची वडीसुद्धा सरळ रेषेत ठेवणारा! त्यांनी चूक केली आणि लपवली? आणि सोळाला सभेत मीच उभी राहून तसं सांगायचं?

१४ फेब्रुवारी

खोटं कुणाशी बोलतेय मी? या पानाशी?

सगळ्या वह्या टंकल्यात, हे खरं नाही. मी आकडे टंकले. प्रत्येक पानावर उजवीकडे शेऱ्याचा एक रकाना आहे. नगरपालिकेने तो मागितला नव्हता. तरी पहिल्या पंचवीस वर्षांच्या वह्यांत मी सहज वाचत होते: वारा, होड्या, गढूळ पाणी. मग एका ओळीत दिसलं, "हिला आज बरं वाटलं. थोडं बोलली."

तेव्हापासून मी त्या रकान्यावर लाकडी फूटपट्टी ठेवून काम केलं. शेवटच्या पानापर्यंत. आईचं मरण बाबांच्या अक्षरात वाचायचं धाडस नव्हतं, एवढंच. आणि बाबांना ठासून सांगितलं, वह्यांत काही नाही!

वह्या नगरपालिकेच्या दप्तरात परत गेल्या आहेत. उद्या उघडेल तेव्हा पहिली मी.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सापडलं. आई गेली त्याच्या पाचव्या दिवशीचं पान.

"होडीने पट्टी मोडली, नवी लावली. खूण उघडी पडण्यास सहा तास. घरी मुली एकट्या. थांबलो नाही. जुन्या कोष्टकात आजच्या भरतीचा जो आकडा, तोच पाण्याला धरून पट्टी ठोकली. खुणेवरून पुन्हा मोजणे."

पुन्हा मोजल्याची नोंद पुढे कुठे नाही. ते कोष्टक त्यांच्या पहिल्या वर्षीचं. सव्वीस वर्षांत वर आलेल्या पाण्याला बाबांनी त्या दिवशी पहिल्या वर्षाचा आकडा दिला, आणि घरी आले. आम्हाला जेवायला घालायला. बाईंना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं, मग म्हणाल्या, "हे पुरेसं आहे. पण सगळी ओळ वाचावी लागेल. घाई का केली ते गाळलं, तर लोक म्हणतील कामचुकार होता."

लपवलं त्यांनी नव्हतं. झाकलं मी.

बाबा आत झोपलेत. दप्तरातून मागून आणलेली वही त्यांच्या उशाशी ठेवली आहे. घरातलं चारचौघांत काढलेलं त्यांना जन्मात खपलेलं नाही. आईचं तर नावसुद्धा ते आमच्यासमोर घेत नाहीत. नाहीच म्हणतील. तोंड फिरवतील. तरी उठले की विचारणार आहे –

बाबा, उद्या मी ही ओळ सगळी वाचू? आणि तुम्ही शेजारी बसाल?