थपडीचा मान

आप्पा, तुमच्यावर दोन पानं लिहून द्या असं सांगायला परवा परभणीहून दोघं जण आले होते. जुन्या नाटकवाल्यांच्या फोटोंचं कसलंसं प्रदर्शन भरवायचंय म्हणे, आणि त्यात तुमचा फोटो मधोमध लावणार आहेत. "आजी, तुमच्या वडिलांनी अख्ख्या जिल्ह्याला हसवलं," असं त्यातला एक माझ्याच ओसरीवर बसून, माझाच चहा पीत मला सांगत होता. मी म्हटलं, हो, हसवलं खरं. बाकीचं गिळलं. तुम्हाला स्टेजवर पाहिलेलं माणूस आता माझ्याशिवाय कुणी उरलं असेल असं वाटत नाही, म्हणजे मी लिहीन तेच खरं ठरणार. म्हणून आधी हे लिहून घेते. त्यांची पानं नंतर.

तुम्ही हैद्राबादच्या पलटणीत मुक्केबाजीत अव्वल होतात, ओळीनं तीन साल. चांदीचा पेला घरात फडताळात असायचा आणि शेजारी ते कातड्याचे फुगीर हातमोजे, ज्यांत मी लहानपणी चिंचोके ठेवायची. खेळताना गळ्यातलं इष्टलिंग काढून ठेव असं गोऱ्या साहेबानं सांगितलं तर तुम्ही काढलं नाही, दंडाला बांधून खेळलात. ही गोष्ट मी शंभरदा ऐकली असेल आणि दर वेळी माझी छाती फुगली. मग डाव्या डोळ्याला कमी दिसायला लागलं आणि पलटणीनं घरी पाठवलं. परभणीत मुक्केबाजीचं कुणाला काय? तालमीतल्या पैलवानांनी हातमोजे उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, "हाताला उशा बांधून कोण भांडतंय व्हय?" पालमला आजोबांच्या दुकानात बसून गूळ तोलणं तुम्हाला जमलं नाही. तेवढ्यात एका नाटक कंपनीचा मुक्काम परभणीत पडला. मालकानं तुमचं चेपलेलं नाक पाहिलं, त्या नाकातून येणारा बारीक चिरका आवाज ऐकला आणि म्हणाला, तुम्ही नुसते उभे राहा. तुम्ही उभे राहिलात आणि लोक हसले. एवढा दांडगा गडी आणि आवाज पिपाणीचा! झालं, तुम्ही नाटकातले फुशारकी मारणारे सुभेदार झालात, ज्यांना प्रत्येक अंकात कुणीतरी थोबाडीत मारतं. आणि लोकांना माहीत असायचं की हा माणूस खरा चॅम्पियन आहे. तीच तर गंमत होती त्यांची.

सुभेदाराची पोर म्हणून मला उभं करायचं आणि एक थोबाडीत माझ्या हातूनही मारायची असं ठरलं तेव्हा मी दहा वर्षांची होते. तालीम आपल्या स्वयंपाकघरात. आई चुलीपाशी भाकरी थापतेय, तुम्ही माझ्यापुढे गुडघ्यावर बसलाय. "हात गालाला लावायचा न्हाई, नाकापुढून न्यायचा," तुम्ही सांगताय, "आवाज मी काढतो." आणि माझा हात समोरून जातो न जातो तोच तुम्ही मांडीआड टाळी वाजवता आणि मान झटकता. थप्पड मारणाऱ्यानं आवाज करायचा नसतो, तो खाणाऱ्यानं करायचा असतो, हे मला तेव्हा कळलं. मी डोळे मिटले की तुम्ही रागवायचा. "डोळे उघडे ठेव. मारताना अन् मार खाताना, दोन्ही वक्ती." आणि दुसरं काम त्याहून महत्त्वाचं, हे तुम्ही मला बोट नाचवून बजावलं होतं. कुणाचीही थप्पड बसली की लगेच मी खदाखदा हसायचं. "तू हसलीस की लोक हसतेत. तू न्हाई हसलीस तर त्यांना वाटंल खरंच लागलं, अन् मग मजा गेली." आई तव्यावरची भाकरी उलटता उलटता म्हणाली, "लेकीच्या हातानं मार खायलाव, लाज हाय का न्हाई? पलटणीचा गडी म्हणून मला देलं माझ्या बापानं, अन् निघालं हे सोंग." तुम्ही सुभेदाराच्या आवाजात तिलाच सलाम ठोकलात. ती हसली नाही. आपल्या घरात तुमच्यावर न हसणारी तीच एक.

मग ते मानाचं खूळ निघालं. आपल्याकडे जत्रेत कशाचा मान नसतो? पहिल्या नारळाचा असतो, पालखीच्या पुढच्या खांद्याचा असतो. एका साली पाथरीच्या अलीकडच्या गावात महादेवाच्या जत्रेत पाटील सहज गमतीनं स्टेजवर चढले आणि सुभेदाराला थप्पड मारून खाली उतरले. पुढच्या साली देशमुखांचं म्हणणं आलं की पाटलानं मारायच्या आधी आम्हाला विचारायला पाहिजे होतं, चॅम्पियनला मारायचा मान आमच्या घराचा. यावरून पंचांची बैठक बसली, आप्पा, आणि तुम्ही तिथे कोपऱ्यात बसून पान खात होता. तुमच्या गालावरून दोन घरं भांडत होती आणि तुम्हाला कुणी विचारलंदेखील नाही. शेवटी एक साल त्यांचा, एक साल यांचा, असं ठरलं. ही गोष्ट त्या प्रदर्शनवाल्यांना सांगितली तर ते पोट धरून हसतील. मला नाही हसू येत.

मी बारा वर्षांची होते त्या सालाचं बोलतेय. निजामाचे शेवटचे दिवस, गावोगाव बंदुका घेऊन फिरणारी माणसं, आणि तरी जत्रा भरलेली. मानवत रोडला आगगाडीतून उतरून आपण बैलगाडीनं गेलो. खेळ दुपारी होता, उन्हात, सगळं लख्ख दिसत होतं. मान देशमुखांचा होता आणि त्यांनी तो नव्या जावयाला दिला. सिल्कची शेरवानी, बोटात दोन अंगठ्या. कनातीमागे तुम्ही हात जोडून त्याला समजावताय, "जावईबापू, हात नाकापुढून न्या. आवाज मी काढतो." तो माझ्याकडे बघत म्हणाला, "आवाज आमचा आमी काढू." तुम्ही हसलात. मला तेव्हाच ते हसणं आवडलं नव्हतं.

तुमच्या हातात विड्याचं तबक होतं, दोन्ही हातांनी धरलेलं. जावई आला आणि त्यानं ठेवून दिली. आवाज पार मागच्या बैलगाड्यांपर्यंत गेला. ओठ फुटला, तोंडाला फासलेल्या पांढऱ्या रंगावर लाल ओघळ आला, तबक पडलं. लोक हसले. तुम्ही गिरकी घेऊन पडलात, उठलात आणि त्या पिपाणी आवाजात म्हणालात, "ह्या गालाचं झालं. आता त्या गालाचा मान कुणाचा?" त्यावर तर लोक लोळायचे बाकी राहिले. देशमुखांनी तुम्हाला नारळ दिला, जरीकाठी फेटा बांधला. घरी आल्यावर आईनं तो फेटा विळीवर टरटरा फाडला आणि पुढे वर्षभर त्या जरीच्या चिंध्यांनी चुलीवरचं भांडं उतरवलं.

आणि मी काय केलं? तुम्ही ताटावर बसलेले असताना मी विचारलं, हातात बांगड्या भरल्या होत्या का? बारा वर्षांची पोर, स्वतःच्या हातात डझनभर बांगड्या. तीन साल अव्वल आलेला माणूस, ज्यानं पलटणीत भलेभले आडवे केले, त्यानं एका पानखाऊ जावयाचा एक दात पाडू नये? तुम्ही माझ्याकडे बघितलं. ओठ सुजलेला होता, घास नीट जात नव्हता. "भाकरी वाढ," एवढंच म्हणालात. मी वाढली नाही, आईनं वाढली. त्यानंतर मी तुमच्या नाटकात उभी राहिले नाही आणि तुमच्याशी सरळ बोललेही नाही. लग्न होऊन सासरी गेले तरी माहेरपणाला आले की आईशीच बोलायची. नवऱ्याला सांगितलं, लेकरांना सांगितलं, माझा बाप मोठा मुक्केबाज होता पण मोक्याला त्यानं मार खाल्ला, आणि मी तिथे उभी राहून रडत होते. इतक्यांदा सांगितलं की लेकरांना ते पाठ झालं.

तुम्ही गेलात तेव्हा मी पोचले ती माती द्यायच्या वेळेला. तुम्हाला खड्ड्यात बसवलं होतं, आपल्या लिंगायतांच्या रीतीप्रमाणे, डाव्या तळहातावर इष्टलिंग. मी चेहरा पाहिलाच नाही. त्या हाताकडेच बघत बसले. बोटं किती अलगद वळली होती.

कारण मी रडले नव्हते, आप्पा. स्टेजवर तुमच्यापासून दोन हातांवर मी होते. तुमचे दोन्ही हात तबकाला होते, टाळी वाजवायला हात मोकळाच नव्हता, म्हणजे आवाज खरा होता, हे त्या सगळ्या गर्दीत फक्त मला कळलं होतं. तबक पडलं तेव्हा तुमचा डावा पाय पुढे आला, हनुवटी खाली गेली आणि उजवी मूठ वळली. लोक अजून गप्प होते. तेवढ्यात मी हसले. शिकवल्याप्रमाणे, खदाखदा, डोळे उघडे ठेवून. मग सगळे हसले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, आणि ती मूठ उघडली.

त्या दिवशी ताटावर तुम्ही एवढंच म्हणू शकला असता, की तू हसलीस. म्हणाला नाहीत, आणि पुढेही कधी नाही. उद्या ती माणसं येतील, त्यांना मी पेल्याची आणि हातमोज्यांची दोन पानं देईन. हे कागद फडताळात पेल्याखाली राहतील, आणि लेकरांना मी अजूनही रडलेच होते असं सांगेन.