शतावरीचे दोन डबे

तुर्भे, ऑगस्ट १९९६

चि. सौ. राजलक्ष्मीस मानसिंगदादाचा आशीर्वाद. आम्ही दोघं बरी आहोत, काळजी नसावी.

सोबत शतावरी पाठवतोय. मसाला बाजारात मुळी मोडून, चाखून मीच निवडली आणि दळून घेतली. शाळा सुटली तरी वैद्यकाचे ग्रंथ सोडले नाहीत, हे तुला ठाऊकच आहे. चूर्ण कोमट दुधातून घे. खारीक, उडीद, घरचं तूप रोज पोटात जाऊ दे.

पण मूल व्हावं म्हणून सासूबाईंनी तुला सोमवार, गुरुवार, शनिवार धरायला लावलेत. घागर उचलताना अंधारी येते, असं तू लिहिलंस. अगं, उपाशी अंगात शतावरी काय करणार?

दुसरा डबा दाजींचा; शतावरी पुरुषांनाही चालते. त्यांना म्हणावं, तंबाखू सोडा आणि दोघं मिळून तपासून घ्या. मागं तू विषय काढलास तेव्हा "पुरुषाला कसली तपासणी?" म्हणून हसले ना ते? बी न बघता नुसत्या रानाला दोष देणारा शेतकरी मी पाहिला नाही.

दिवाळीनंतर ते दुसरी करणार, हे खरं का गं? तुझी वहिनी म्हणते, लोक काहीही बोलतात. बोलत असतील.

येत्या सोमवारी पोटभर जेव. कुणी ताट ओढलं, तर दोन्ही डबे तिथंच ठेव आणि निघून ये. मूल होवो न होवो, आम्हाला तू हवी आहेस.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
दादा