विषय क्रमांक सात

मी, मल्हारी धोंडीराम विधाते, वय सदुसष्ट (शाळेच्या दाखल्यावर पासष्ट, मास्तरांनी कमी केलेली दोन वर्षे माझ्या काही कामी आली नाहीत), धंदा चहाचे हॉटेल, राहणार कसबे मोरवड, जिल्हा नाशिक, माझ्या मागे कोणी भांडू नये आणि एक काम अडू नये म्हणून हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. कान त्याहून ठिकाणावर आहेत. त्याला दाखल्याची गरज नाही, गावाला ठाऊक आहे. हृदयाचे मात्र काही खरे नाही, असे तेच डॉक्टर म्हणतात.

१. माझी सर्व मिळकत स्वकष्टाची आहे. वडिलांकडून मला काही आलेले नाही, म्हणून भाऊबंदांचा हक्क पोचत नाही. एक स्टोव्ह आणि एक हातगाडी घेऊन मी नगरपालिकेच्या इमारतीखाली उभा राहिलो. जागा निवडली ती सावलीसाठी. पुढे कळले की बरोबर वर सभागृहाची खिडकी आहे, आणि तिची कडी मोडलेली असल्याने ती कधी लागत नाही. कडी बसवण्याचा ठरावही मी खालून ऐकला. कडी अजून मोडलेलीच आहे. त्या खिडकीखाली माझी हातगाडीची टपरी झाली, टपरीचे पक्के हॉटेल झाले, आणि गावाचे सगळे निर्णय गावाच्या आधी मला कळत गेले.

२. हॉटेल व राहते घर माझे दोन्ही मुलगे, जीवन आणि समाधान, यांना समान. जीवन सातपूरला कंपनीत आहे, तिकडेच घर केले आहे. तो हॉटेल चालवणार नाही हे मला माहीत आहे, पण भावाला विकताना त्याने भाव करू नये. समाधानने कांद्याचा टेम्पो पिंपळगावला नेण्यातून वेळ काढून गल्ल्यावर बसावे. बँकेतील ठेवही दोघांना सारखी. पितळी किटली आणि माळ्यावरची झोपायची जागा पुंजाला, त्याच्या हयातीपर्यंत. पुंजा माझ्याकडे पहिल्यापासून आहे. वर सभागृहात चहा तोच नेतो. ज्याला काही दिले त्याला साक्षीदार होता येत नाही, असे वकील म्हणाले. पुंजा म्हणाला, "मंग किटली राहू द्या, मी सही करतो." त्याला सही येत नाही.

३. गल्ल्याशेजारची हाताची खुर्ची नगराध्यक्ष दगूनाना यांना देऊ नये. ते मागतील. सभेला पुरेसे सदस्य जमले नाहीत की सभा अर्धा तास तहकूब होते, आणि तहकूब सभेला मग कितीही सदस्य चालतात. म्हणून आमचे नगरसेवक आधी वर जातच नाहीत. माझ्या हॉटेलात बसतात, अर्धा तास होऊ देतात, मग चार-पाच जण वर जाऊन गाव चालवतात. दगूनाना ही वेळ त्या खुर्चीत काढतात. खुर्ची फोडून बंबात घालावी.

४. माझी पत्नी कमळाबाई १९९६ साली वारली. तिला द्यायचे राहिलेले या आणि पुढच्या दोन कलमांत आहे.

मंडईत हॉटेलपासून हाकेच्या अंतरावर तिची जागा होती. मेथी, शेपू, कोथिंबीर, दसऱ्याला झेंडू. दिवस उगवायच्या आत बसायची, दिवेलागणीला उठायची. पुरुषांना मंडईमागची भिंत आहे. बायांना काही नाही. म्हणून मंडईतल्या बाया घरून निघताना पाण्याला शिवत नाहीत. ऊन झाले की चूळ भरतात आणि थुंकून टाकतात. नवी सून पहिल्यांदा पाटीवर बसली की सासू तिला भाव सांगायला शिकवायच्या आधी हे शिकवते.

गावभर माझा चहा जायचा. माझी बायको मंडईत तो कधी प्यायली नाही. मी कप पाठवला की ती गिऱ्हाइकाला द्यायची. एकदा मी चिडून म्हणालो, "अगं, गाव पितंय. तुलाच काय इख वाटतं का?" ती म्हणाली, "चहा झ्याक हाय तुमचा. पण प्यायल्यावर पुढं कुठं जाऊ, ते सांगा."

तिच्या किडन्या गेल्या. नाशिकच्या मोठ्या डॉक्टरांनी विचारले, "आजी, पाणी किती पिता?" ती हसली. म्हणाली, "रातचं पिते."

५. मंडईत स्त्रियांसाठी मुतारी बांधणे हा विषय मी त्या खिडकीखाली किती वेळा ऐकला याचा हिशेब मी ठेवलेला नाही. एक म्हणायचा, माझ्या बाजूला देऊळ आहे. दुसरा म्हणायचा, माझ्या बाजूला शाळा आहे. तिसऱ्याच्या प्रभागात काहीच नव्हते. तो म्हणाला, "आम्हाला आजवर काही दिलं नाही, अन् आता पहिली मुतारीच देता का?" मग जागा निश्चित करून विषय पुढील सभेपुढे ठेवावा, असे सर्वानुमते ठरायचे. सर्वानुमते म्हणताना सगळ्यांचा आवाज एकदम यायचा. दुसऱ्या कशाला तसा यायचा नाही.

महिलांच्या राखीव जागेवर सुमनबाई निवडून आल्या, तेव्हा त्या एकदा उठून बोलल्या. शब्द मला पाठ आहेत. "अध्यक्षसाहेब, तुम्ही समदे आत्ता खाली जाऊन भिंतीला उभे राहून आलात. मी सकाळपासून हितंच बसले हाय." सगळे हसले. दारात त्यांचे यजमान उभे होते, हे चहा नेणाऱ्या पुंजाने सांगितले. ते म्हणाले, "सुमन, विषयाला धरून बोल." त्या म्हणाल्या, "ह्योच विषय हाय."

त्यांनी हट्ट धरला. मंडईलगतची नगरपालिकेचीच मोकळी जागा ठरली. विषय क्रमांक सात. सुमनबाईंनी घरोघर जाऊन सदस्य गोळा केले, आणि त्या दिवशी आमच्या नगरपालिकेत पहिल्याच वेळेला पुरेसे सदस्य हजर होते.

त्याच दिवशी सकाळी कमळाबाई गेली.

मी स्मशानात होतो, त्यामुळे ती सभा मला ऐकता आली नाही. दहाव्याला दगूनाना आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मल्हारीशेठ, वहिनींसाठी शोकप्रस्ताव केला. दोन मिनिटं उभे राहिलो अन् अख्खी सभा तहकूब केली. एक विषय घेतला नाही. असा मान फक्त आमदारांच्या मातोश्रींना दिला होता."

मी विचारले, "सातवा पण नाही?"

"एकपण नाही," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते, खोटे नव्हते.

पुढच्या सभेपर्यंत ती जागा दुकानांच्या गाळ्यांना गेली. गाळे झाले. चांगले चालतात.

६. हॉटेलच्या मागे, मंडईकडे तोंड असलेली माझी एक गुंठा जागा आहे. ती मी कमळाबाईच्या मागे घेतली, फक्त या कामासाठी. नगरपालिकेला लिहून दिले की जागा फुकट घ्या, बांधकामही माझ्याकडून घ्या, फक्त ठराव करून जागा ताब्यात घ्या आणि तुमच्या गटारीला जोडू द्या. विचार चालू आहे, असे उत्तर आले. वाट बघून मी २००० साली चार भिंती उभ्या केल्या. परवानगी नव्हती. आठवड्याच्या आत माणसे आली आणि पाडून गेली. ही नगरपालिका इतक्या लवकर काम करू शकते, हे मला त्या दिवशी कळले. पाडणारेसुद्धा जाताना चहा पिऊन गेले. पुंजाने दिला. मी आत बसून होतो.

आता कमळाबाईच्या जागेवर माझी सून प्रतिभा बसते, समाधानची बायको. संध्याकाळी तिचे पाय सुजतात. मागल्या महिन्यात तिला दवाखान्यात नेले. मी पडद्याबाहेर बसलो होतो. डॉक्टरांनी विचारले, "ताई, पाणी किती पिता?" पलीकडून उत्तर आले, "रात्री पिते." माझ्या कानांचा मला पहिल्यांदा राग आला.

मी तिला म्हणालो, तू आता मंडईत बसू नको. ती म्हणाली, "मामा, मी उठले तर तिथं दुसरी बसंल. तिचे पाय नाय सुजायचे का?"

सबब, ठराव झाला तर ही जागा नगरपालिकेला, वरील कामासाठीच. न झाल्यास ती एकट्या प्रतिभाच्या मालकीची. जीवनने तिथे गाळा काढण्याचे सुचवले आहे. त्याचा या जागेशी संबंध नाही. प्रतिभाने ती विकू नये, तिथे भाजी लावू नये, टेम्पो लावू देऊ नये. रिकामी ठेवावी. दुसरा उपाय मला सुचत नाही. निदान गावाला रोज दिसेल.

या मृत्युपत्राचा अंमल करण्याचा अधिकारही प्रतिभालाच.

७. येत्या २८ जूनच्या सभेत ही जागा स्वीकारण्याचा विषय आहे. सुमनबाई आता सदस्य नाहीत, तरी पुन्हा दारोदार फिरल्या आहेत आणि पुरेसे सदस्य येणार आहेत. अजेंड्यावर विषय पुन्हा सातवाच आला आहे. कोणी ठरवून आणलेला नाही. मी मात्र तेव्हापर्यंत टिकेन अशी खात्री डॉक्टर देत नाहीत. गावात माझे नाव आहे. मी मेलो तर हे लोक माझ्यासाठी दोन मिनिटे नक्की उभे राहतील. मला त्याची भीती वाटते.

म्हणून माझा मृत्यू त्या सभेपूर्वी झाल्यास तो सभा संपेपर्यंत नगरपालिकेला कळवू नये. चौकात माझ्या फोटोचा बोर्ड लावू नये. मला मोठ्या रस्त्याने नेऊ नये. समाधानने टेम्पोतून नाशिकला न्यावे आणि तिथेच उरकावे. हॉटेलचे शटर उघडे ठेवावे. सभेच्या वेळी पुंजाने नेहमीसारखा चहा वर न्यावा. चहा गेला नाही तर त्यांना लगेच कळेल. शेठ कुठे, असे विचारले तर नाशिकला गेलेत, असे सांगावे. ते खोटे ठरणार नाही.

हे कलम प्रतिभा आणि पुंजा यांना आजच वाचून दाखवले आहे. पुंजा उठून भट्टीकडे गेला. प्रतिभा म्हणाली, "मामा, असं न रडता दिवसभर कसं राहायचं?" मी म्हणालो, "दिवसभर पाणी न पिता राहतेस ना? तसंच." मला तसे बोलायचे नव्हते.

तिने त्या दिवशी खिडकीखाली उभे राहावे. सातवा विषय पुकारला गेला की मग रडायला हरकत नाही. त्याआधीच खुर्च्या सरकल्या आणि वर सगळे गप्प झाले, तर गावात दुसरे कोणी मेले असे समजावे. एवढ्या मोठ्या गावात कोणी ना कोणी मेलेले असतेच.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे, म्हणून खाली सही करतो.

मल्हारी धोंडीराम विधाते (सही)

मुक्काम कसबे मोरवड, दिनांक १४ जून २००४

आमच्यासमक्ष सही झाली, साक्षीदार:

१. डॉ. संघर्ष पगारे (सही)

२. शकुबाई चिमाजी मौले, मंडईत भाजीविक्री, मयत कमळाबाईंच्या शेजारची जागा (डाव्या हाताचा अंगठा). यांना चहा विचारला. नको म्हणाल्या, अजून मंडईत परत जायचे होते.