साक्षीचा पहिला रकाना

६ जानेवारी, सोम.
उमापूर सुटलं एकदाचं. सकाळी नऊला छोटा हत्ती टेम्पो दारात. कपाट, गाद्या, माझी शिलाई मशीन, रमाची सायकल, पिठाचा डबा. मिलिंदनं विहिरीच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान भावाच्या हवाली केलं. किल्ली देताना हसत होता. अकरा वर्षांच्या संसारात नवऱ्याला असं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. तिथंच डोकं सणकलं माझं.

सहा महिने 'बेस'वर राहायचं, ख्रिस्ती प्रचाराचं शिक्षण घ्यायचं, मग प्रभू पाठवेल तिकडं जायचं. मी हो म्हणाले. त्यानं आजवर मागितलेली ही पहिलीच गोष्ट, म्हणून हो म्हणाले. रमाची चौथी अर्ध्यावर सोडवली. दाखला देताना बाई माझ्याकडंच बघत होत्या, जसं काही मीच...

गेवराई, बीड. मांजरसुंब्याच्या घाटात रमाला उलटी. पुढं नेकनूर, माझं माहेर. रस्त्यावरून अण्णांच्या घराची टाकी दिसते. मी म्हणाले थांबवा, पाच मिनिटं. मि. म्हणाला, अंधाराच्या आत पोचायचंय. दुपारचा एक वाजला होता. कसला अंधार! अण्णांना तोंड दाखवायची हिंमत नाही, एवढंच. अडीचलाच पोचलो युसूफ वडगावला, बेसवर. लख्ख ऊन होतं.

७ जाने., मंगळ.
बेस म्हणजे गावाबाहेर पत्र्याच्या बारा खोल्या, एक हॉल, एक बोअर. आमची खोली सातवी. माणसं वाईट नाहीत. शेजारणीनं न मागता भाकरी आणून दिल्या. राग काढायला जागाच देत नाहीत, त्याचाही राग.

बुद्ध-बाबासाहेबांचा फोटो मी साडीत गुंडाळून आणला होता. खिळा ठोकून लावला. मि. बघत राहिला. इथले प्रमुख, सगळे त्यांना नुसतं सर म्हणतात, ते आले, फोटो पाहिला, "छान जागा धरलीत" म्हणाले आणि नळाची वेळ सांगून गेले. मी भांडायच्या तयारीत होते. फुकट गेली तयारी.

९ जाने., गुरु.
आज साक्षीचा तास. साक्ष म्हणजे प्रभूनं आपलं आयुष्य कसं बदललं ते उभं राहून सांगायचं. प्रत्येकाला एक कागद दिला. तीन रकाने: पूर्वीचे जीवन. प्रभूची भेट. आताचे जीवन.

मि.चा दुसरा रकाना झटक्यात भरला. मागच्या दिवाळीत रमाला डेंग्यू, बीडच्या दवाखान्यात आठ दिवस, पेशी खाली-खाली, आणि शेजारच्या खाटेवरच्या नवरा-बायकोनं तिच्या डोक्यावर हात ठेवून केलेली प्रार्थना. दुसऱ्या दिवशी पेशी वाढल्या. मी तिथंच होते. डॉक्टरही होते. पण तो त्या दिवशी जिन्यात बसून रडला, ते मी पाहिलंय. त्यातलं काही खोटं नाही.

पहिल्या रकान्यात मात्र त्याचं पेन अडलं. लिहिणार काय? दुकान आणि घर, घर आणि दुकान. सर शेजारी बसून मायेनं विचारत होते, "आणखी काही? आठवा." एवढंच. आणखी काही नव्हतंच बिचाऱ्याकडं.

१२ जाने., रवि.


आज मि.ची साक्ष झाली. तो म्हणाला, मी रोज दारू प्यायचो. ज्यानं उभ्या जन्मात सुपारी चघळली नाही तो! म्हणाला, बायकोला पट्ट्यानं मारायचो. याच्याकडं पट्टा एकच, लग्नातला, तोही बक्कल तुटलेला. म्हणाला, घरात अंधार होता, बायको मूर्तीपुढं डोकं घासायची. छप्पन साली माझ्या आजोबांनी घरातले सगळे देव नदीत सोडले. त्यानंतर आमच्या घरात शेंदराचा ठिपका नाही, आणि मी डोकं घासायची!

सगळे रडत होते. बायका वळून माझ्याकडं बघत होत्या. एकीनं माझा दंड कुरवाळला. तिथं उठून का नाही ओरडले, ते माझं मलाच कळत नाही.

१३ जाने., सोम.
काल खोलीत भांडण. रमाला शेजारी पाठवलं आणि तोंड सोडलं.

तो म्हणाला, सगळ्यांच्या साक्षी अशाच असतात. माझी लई फिक्की होती. लोकांच्या काळजाला भिडाया पाहिजे.

मी म्हणाले, लोकांच्या काळजाला भिडायला माझ्या अंगावर वळ कशाला?

"इथं आपल्याला कोण वळखतंय, सुजा?"

याला माणूस चांगला म्हणून दिलं मला. माणूस चांगलाच आहे, तीच तर चीड आहे. खरोखरचा दारुडा असता तर कधीच सोडून गेले असते.

१८ जाने., शनि.
प्रचाराच्या सरावाला गटागटानं गावं वाटली. आमच्या गटाला नेकनूर. मि.चा चेहरा पडला. तिथं सगळे ओळखतात आता! तो सरांना म्हणाला, दुसरं गाव द्या. सर म्हणाले, आपल्या माणसांत साक्ष देणं सगळ्यात मोठं. मी पोळ्या लाटत होते. मुद्दाम काही बोलले नाही. म्हटलं, आता कशी सांगतो पट्ट्याची गोष्ट ते बघू.

२४ जाने., शुक्र.
सांगितली.

एका घराच्या अंगणात पंचवीस-तीस माणसं. अण्णा पहिल्या खुर्चीवर, इस्त्रीच्या शर्टात. लेक-जावई गावात कार्यक्रमाला येतायत म्हणून आलेले. देवाचं काही पटत नाही, पण आपल्या माणसांसाठी येतात. मि.नं अण्णांना पाहिलं, घाम पुसला. मला वाटलं, गाळेल. पण गटातल्या पोरानं सुरुवात करून दिली, "भाऊ आधी दारूच्या आहारी होते," आणि हा त्या रुळावरून तसाच पुढं गेला. पट्टा आला. फक्त मूर्ती गाळल्या. तेवढी शरम उरली होती.

अण्णा मान खाली घालून बसले. संपल्यावर मला गोठ्याकडं नेलं.

"अकरा वर्सं, सुजा. मला सांगितलं न्हाईस कावून?"

मी म्हणाले, अण्णा, खोटं आहे ते सगळं. कधी बोट लावलं नाही त्यांनी मला. पुन्हा म्हणाले. रमाची शपथ घेतली.

"माझ्या शाळंतल्या पोरी बी असंच म्हनायच्या, बाई. पडले, गुर्जी. जिन्यावरून पडले." मग म्हणाले, "मीच बघितलं होतं हे स्थळ. मीच दिली तुला."

बासष्ट वर्षांच्या माणसाला असं रडताना पाहिलं आज. आई गेली तेव्हाही नव्हते रडले. आणि मी खरं बोलतेय तर माझंच खरं खोटं ठरतंय. आग लागो त्या तीन रकान्यांना.

२५ जाने., शनि.
सकाळीच फोन मि.च्या हातात दिला. म्हटलं, लावा अण्णांना आणि सांगा, मी खोटं बोललो.

त्यानं फोन घेतला. नंबर काढला. पुन्हा ठेवला.

"दारू खोटी होती म्हनलं तर रमाचं बी खोटंच ठरंल ना. त्यात जे खरं हाय, ते बी लोक मानायचे न्हाईत."

तर हे आहे अडलेलं. मला त्याची दया आली आणि दया आली म्हणून आणखी संताप झाला. मी म्हणाले, तुमचा प्रभू एवढ्या बारीक खोट्यावर उभा असेल तर मला नको. आणि एवढ्या बारीक खोट्यानं पडणार नसेल तर फोन लावा. तो उठून बोअरवर जाऊन बसला. दुपारी जेवला नाही. मीही वाढलं नाही.

संध्याकाळी सर म्हणाले, उद्या सुजाताताईंची साक्ष. कागद दिला.

अण्णांचा फोन आला. उद्या येतो म्हणाले, कपडे भरून ठेव, तुझे आणि रमाचे. मी म्हणाले, उद्या सव्वीस जानेवारी आहे, अण्णा. शाळेतलं झेंडावंदन चुकेल तुमचं. निवृत्त झाल्यावरही एकदा चुकवलेलं नाही त्यांनी. म्हणाले, चुकू दे.

२६ जाने., रवि.
हॉलमध्ये मागच्या बाकावर लिहितेय. गाणी चालू आहेत.

सकाळी आठला अण्णा जीपनं आले. पांढरा शर्ट, खिशाला कागदी तिरंगा, हातात रिकामी पिशवी. मि. पाया पडायला वाकला. अण्णांनी पाय मागे घेतले. तो वाकलेलाच राहिला थोडा वेळ. मी मेली कधी नवऱ्याचा अपमान बघून एवढी तळमळले नव्हते. आणि ज्यानं तो स्वतःच्या तोंडानं ओढवून घेतला त्याचाच राग. आणि अण्णांचाही. लेकीवर विश्वास नाही, जावयाच्या खोट्यावर आहे.

कपडे भरलेले नाहीत. भरणार नाही असंही नाही. पिशवी सात नंबरच्या दारात पडलीय.

कागदावर पहिल्याच रकान्यात लिहिलंय: माझा नवरा दारू पीत नव्हता. त्यानं मला कधी मारलं नाही. आमच्या घरात अंधार नव्हता, चाळीसचा बल्ब होता आणि रमा त्याखाली अभ्यास करायची. पुढचे दोन रकाने कोरे. त्यांचं काय करायचं ते मला माहीत नाही.

अण्णा दारात उभे आहेत. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

गाणं संपत आलं. मि. शेजारी येऊन बसला, कागद घेतला, वाचला. दोनदा वाचला. खोडेल असं वाटलं, पण पेन माझ्याच हातात होतं. अण्णांकडं बघितलं त्यानं, मग माझ्याकडं. कागद माझ्या मांडीवर ठेवला आणि हळूच म्हणाला,

"आदी तू उठतीस का मी उठू?"