परदेशातल्या माणसाची भेट

२७ ऑगस्ट

लुटले गेले! तेही माझ्याच नामदिनाला!

आज माझ्या नावाच्या संताचा दिवस, म्हणून सकाळी संत फानुरियोसचा केक चर्चमध्ये नेऊन वाटला. हरवलेलं दाखवून देणारा संत म्हणे! घरी येते तर फोनवर फ्लूरीपेची मेल — गिऱ्हाइकांचे पैसे ज्यांच्याकडच्या खात्यात जमा होतात, त्या कंपनीची. तोच निळा रंग, तेच सोन्याचं नाणं. 'फानुरिया, नामदिनाच्या शुभेच्छा! परदेशातल्या तुमच्या माणसाने भेट पाठवली आहे. आज संध्याकाळपर्यंत न स्वीकारल्यास परत जाईल.'

टोरांटोची माझी बहीण आर्गिरो — दुसरं कोण? घरात पाहुणे, बोटांना केकचं तेल. बटण दाबलं, पासवर्ड लिहिला. दुपारी खातं रिकामं! उन्हाळाभर कढईपाशी भाजून निघाले, त्या सगळ्या मोरंब्यांचे पैसे त्यात होते. आर्गिरोला फोन केला तर म्हणते, "कसली भेट? मी तर आज तुझा नामदिनच विसरले होते."

२८ ऑगस्ट

इराक्लिओ शहरात पोलिसांकडे जाऊन आले. साहेब म्हणाला, "बाई, पाठवणाऱ्याचा पत्ता वाचलात का?" वाचला. आता वाचला! फ्लूरीपेच्या नावापुढे भलतंच शेपूट. "कंपनी मेलमधून पासवर्ड मागत नाही. घाई करणारी मेल आली की हात मागे घ्यायचा. मेलमधलं बटण दाबायचं नाही. आपण स्वतः पत्ता टाकून खातं उघडायचं आणि बघायचं." वरातीमागून घोडं!

चौकशी होईपर्यंत खातं बंद. ऑर्डरी येताहेत आणि मी हात चोळत बसलेय.

३१ ऑगस्ट

एव्हान्थिया! समोरच राहते आणि मला आज सुचतंय!

त्या सकाळी पहिली तीच आली होती. माझ्या हातात फोन बघून म्हणाली, "काय गं, टोरांटोहून काही आलं का?" तिला कसं ठाऊक? मोरंबे तीही विकते. माझं खातं बंद पडलं आणि म्युनिकचं गिऱ्हाईक सरळ तिच्याकडे गेलं. काल तिच्या अंगणात तीन-तीन कढया चढल्या होत्या. बघून अंगाचा तिळपापड झाला.

२ सप्टेंबर

"फानुरिया, कॉफी ठेवलीय, ये!" — रस्त्यापलीकडून हाक. मी धाडकन दार लावलं.

५ सप्टेंबर

सापडला उपाय. अकराला तिचा नामदिन. तीच मेल पाठवायची, शब्द न् शब्द, फक्त नाव बदलून. मला बटणं बनवता येत नाहीत — मेलच्या उत्तरातच पासवर्ड मागायचा. हातात आला की तिचं खातं मी असं बंद पाडीन की द्राक्षांच्या हंगामात तिच्या बरण्यांवर धूळ बसेल! पैशाला हात लावणार नाही. मी चोर नाही.

आणि तीच चोर असली तर आपली मेल ओळखेल, घाबरेल, तोंड पांढरं पडेल. तेही मला बघायचंय. फार बघायचंय.

८ सप्टेंबर

निळा रंग हुबेहूब जमला. किती सोपं आहे हे!

११ सप्टेंबर

सकाळी पाठवली. तासाभरात उत्तर आलं. पासवर्ड म्हणजे तिच्या मुलाची, मिनासची जन्मतारीख.

मी तिच्या खात्यात शिरणार, एवढ्यात चौकात गलका. एव्हान्थिया तबक घेऊन दारोदार फिरत होती. "माझ्या मिनासने भेट पाठवली! मेलबर्नहून! घ्या, तोंड गोड करा!" तीन वर्षं त्या पोराचा फोन नाही. साऱ्या गावाला ठाऊक आहे, तिच्यासमोर कोणी विषय काढत नाही. कॉफीवाल्या म्हाताऱ्याने उठून तिचा हात हातात घेतला.

माझ्याकडे आली, मिठी मारली. "आधी तुझ्याकडेच आले होते गं, पण दार बंद."

बदामाची वडी तोंडात घेतली. ती वळताच रुमालात काढून ठेवली.

१२ सप्टेंबर

पोलिसांचा फोन. "बाई, त्या दिवशी देशभरातल्या फानुरियांना हीच मेल गेली होती. ज्याचा नामदिन, त्याला जाते. नुसतं कॅलेंडर बघून पाठवतात."

"पण त्यांना टोरांटो कसं कळलं?"

"टोरांटो कुठे लिहिलंय? 'परदेशातलं माणूस' लिहिलंय. ते आपल्यात कोणाला नाही, बाई?"

टोरांटो माझं मीच वाचलं होतं! आणि एव्हान्थियाचा तो प्रश्न — नामदिनाला ती प्रत्येकीला तेच विचारते. दुसऱ्यांच्या माणसांकडून तरी काही आलं का, म्हणून.

ती मेल पाठवणाऱ्या हलकटाला फाडून खाल्लं असतं. पण मीही तेच केलं, आता कोणत्या तोंडाने? तिचा पासवर्ड पुसून टाकला. पण तिला सांगायचं काय? की मिनासने काहीच पाठवलं नाही?

१३ सप्टेंबर

एव्हान्थिया आलीय. "पासवर्ड पाठवला गं, पण भेट उघडतच नाही. तुला आता यातलं सगळं कळतं. पैसे नसले तरी चालेल — त्याने आत दोन ओळी लिहिल्यात का, तेवढं बघ."

चष्मा आणते म्हणून आत आलेय. ती बाहेर बसलीय, फोन मांडीवर घेऊन.