बाराची घंटा

४ नोव्हेंबर, मंगळवार

शहाणी आली मोठी! निकिता – यांच्या हातापायांना व्यायाम द्यायला श्रीरामपूरहून येते ती पोरगी – आज मलाच शिकवायला लागली. "काकू, दिवसातून तीनदा मिनिटभर थांबत जा. काही करायचं नाही, समोर आहे ते नुसतं बघायचं. रोजचंच वेगळं दिसायला लागतं. आणि चार ओळी लिहीत जा." म्हणून ही वही.

यांना अर्धांगाचा झटका येऊन सात महिने झाले. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं, ओळखही गेली म्हणतात. मी भरवते, पुसते, कूस बदलते. यात वेगळं काय दिसणार, डोंबल?

५ नोव्हेंबर

थांबले. कोळ्याचं जाळं दिसलं.

६ नोव्हेंबर

नाही थांबले. चादर दोनदा बदलली.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज चर्चच्या बाराच्या घंटेला थांबले. ही घंटा एकतीस वर्षं आमच्या यांनी वाजवली. तीन ठोके, थांबायचं. तीन ठोके, थांबायचं. परत तीन, आणि शेवटी सलग नऊ. घंटा झाली की लोक हातातलं काम ठेवून मरियेची प्रार्थना म्हणतात. मी कधी म्हटली? एकदाही नाही! घंटा म्हणजे तवा ठेवायची वेळ. पाच मिनिटांत हे दारात सायकल लावणार, गरम भाकरी हवी. घंटा वाजवणाऱ्याची बायको मी – गावात मीच तेवढी थांबायची नाही.

आज पीठ तसंच परातीत सोडून कॉटजवळ उभी राहिले. आणि यांचा डावा हात! गोधडीवर मूठ वळली आणि खाली ओढली गेली. पुन्हा. पुन्हा.

९ नोव्हेंबर, रविवार

आजही! शेजारची छबूबाई दूध घेऊन आली होती. "बाई, अशा का हुभ्या? बरं वाटंना का?" मी नुसतं बोट दाखवलं. तिनं बघितलं. "अगं बाई! व्हय की! भाऊ घंटा वडत्यात!" दोघी रडलो.

हल्ली फादरच वाजवतात, तेही घाईत. यांचा हात मागे राहतो. घंटा संपल्यावरही दोन-चारदा मूठ ओढलीच. हे आधीपासूनच सावकाश.

१२ नोव्हेंबर, बुधवार

डॉक्टरांना मोबाईलवर शूटिंग दाखवलं. अर्धंच बघितलं त्यांनी. "बाई, आवाज आला की शरीर हलतं, एवढंच. त्यांना काही कळतंय असं नाही. उगाच आशा लावून घेऊ नका."

मी म्हटलं, घंटा थांबल्यावरही हात हलतो हो. तोवर पुढचा पेशंट आत आला होता.

येताना उसाच्या ट्रॉल्यांमागे एसटी अडकली. अर्धा तास बसून बघितलं. ऊसच दिसला.

१३ नोव्हेंबर

बाराला भाकरी टाकली. कॉटकडे पाठ करून.

१६ नोव्हेंबर, रविवार

काल यांना उचलताना न्हाणीत पडले. छबूबाईने पुण्याला फोन केला, आज नॅथन आला. पोरगा वाईट नाही, माझी पाठ बघून रडला. "मम्मी, अशानं तू आधी जाशील. नगरला चांगली जागा आहे, नर्स आहेत. पप्पांना घर काय आणि नगर काय. त्यांना कळतं का काही?"

मी यांची उशी सारखी केली. मग म्हणाले, "काही कळत नाही." मीच म्हणाले. यांच्या उशाशी उभं राहून.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सोडून आले. सहा खाटांची खोली, समोर भिंतीवर मोठं घड्याळ. स्वच्छ आहे. निघताना हाक मारली, माझ्याकडे बघितलं नाही. बरंच झालं.

आता भरपूर वेळ आहे थांबायला.

२१ नोव्हेंबर

घंटा झाली. पाय आपोआप कॉटकडे गेले. गादीत यांच्या अंगाचा खळगा तसाच आहे. बघितला. मिनिटभर नाही, बराच वेळ. भाकरी केलीच नाही. एकटीसाठी कोण करतं?

२४ नोव्हेंबर, सोमवार

दुपारी नगरहून फोन. तिथली नर्स, सुरेखा. "काकू, बाबांना बाराला काही लागतं का हो? रोज घड्याळात बारा झाले की डावी मूठ खाली ओढतात. तीनदा ओढतात, थांबतात. परत तीनदा, अजून तीनदा. आज मी मोजलं, शेवटी सलग नऊ."

मी विचारलं, तिथं जवळ कुठे घंटा वाजते का?

"नाही हो. इथं कसली घंटा?"

आणि मी म्हणाले होते, काही कळत नाही. यांच्या उशाशी उभं राहून.