लुकमा देणारी

६ सप्टेंबर, शनिवार

आज पुन्हा तिचंच कौतुक! ऐका सगळ्यांनी, क़ाफ असा काढायचा असतो, घशाच्या तळातून — अम्मी म्हणाली. म्हणजे उस्तानीजी म्हणाल्या. शनिवार-रविवार दोन ते पाच ती कुराणपठण शिकवते, तेव्हा तिला अम्मी म्हणायचं नाही. नऊ वर्षांची असताना एकदा चुकून म्हणाले होते, तर वर्ग सुटेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं. त्याला सहा वर्षं झाली. पुन्हा चूक झाली नाही.

ती नवी मुलगी बारा वर्षांची. जूनमध्ये आली. पुढच्या दोन दातांत एवढी फट, की स आला की शिट्टी वाजते. आणि अरबीत स काय एकच आहे? पहिल्याच दिवशी मी तिचं नाव शिट्टी ठेवलं. आता पाच-सहा वर्षांची पोरंसुद्धा तिला शिट्टीच म्हणतात. आणि ती हाक मारली की वळते! इतकं कसं कुणी बावळट असू शकतं?

पण आवाज — जाऊ दे. लिहायचं नाही.

७ सप्टेंबर, रविवार

लिहूनच टाकते, नाहीतर डोकं फुटेल. ती वाचायला लागली की खालच्या टायरवाल्याचा पंप चालू आहे हेसुद्धा लक्षात राहत नाही. छोटी पोरं चुळबुळायची थांबतात. अम्मी डोळे मिटून घेते. माझ्या वेळी कधीच नाही मिटले. माझ्या वेळी ती घड्याळ बघते. मागे एकदा म्हणाली होती, तुझं पाठांतर पक्कं आहे, पण ऐकणाऱ्याला शिक्षा आहे. सगळा वर्ग हसला. मीही हसले. दुसरं काय करणार होते?

१३ सप्टेंबर, शनिवार

जलसा १२ ऑक्टोबरला. मोठा हॉल, माइक, सगळ्या मुलांचे आईबाप, तीनशे माणसं तरी असतील. छोटी पोरं दुआ म्हणणार, मोठी मुलं प्रश्नोत्तरं करणार. आणि कुराणातली पूर्ण सूरह, अख्खा अध्याय, तोंडपाठ वाचणार फक्त एक मुलगी. तीच मग पुढच्या वर्षापासून छोट्यांना शिकवणार, अम्मीच्या शेजारी सतरंजीवर बसून.

सहा वर्षं मी याचीच वाट बघतेय. सहा वर्षांत एक शनिवार चुकवला नाही. मैत्रिणींचे वाढदिवस गेले, सहली गेल्या, ताप असताना गेले. आता हक्काची जागा आहे ती माझी!

निवड २८ तारखेला. बाहेरून क़ारी साहेब येणार, पठणातले जाणकार, परीक्षक म्हणून. अम्मीने सूरहसुद्धा मुद्दाम कठीण दिलीय. तिच्यात एकच ओळ एकतीस वेळा येते. ओळ तीच, पण प्रत्येक वेळी तिच्यापुढचं वेगळं. जरा लक्ष उडालं की माणूस मागच्याच गल्लीत शिरतो आणि गोल गोल फिरत बसतो. अर्धी मुलं ऐकूनच घाबरली. मला ती दहाव्या वर्षापासून पाठ आहे.

१४ सप्टेंबर, रविवार

शिट्टीचा बाप बस चालवतो. तिला सोडतो आणि तीन तास जिन्यातच बसून राहतो, गणवेश घालूनच. पोरीचा आवाज खालपर्यंत येतो म्हणे. आज मी चपला घालत होते तर अदबीने उभा राहिला. मला म्हणाला, "बेटा, तू जुनी आहेस इथली. मला यातलं एक अक्षर वाचता येत नाही. खरं सांग, ती बरं वाचते ना?"

मी म्हटलं, ठीक आहे, पण त्या दातांमुळे शब्द बिघडतात, त्याचं काहीतरी बघा. तो एकदम गंभीर झाला. मान हलवत राहिला. मी जिना उतरेपर्यंत हसू दाबून धरलं होतं.

२० सप्टेंबर, शनिवार

शिट्टी आज ओठ आवळून वाचत होती. फटीतून वारा जाऊ नये म्हणून! बापाने घरी सराव करून घेतला असणार. आवाज पार घुसमटला. मला आतून गुदगुल्या होत होत्या. पण अम्मीने तिला जवळ बोलावलं, हनुवटीला हात लावला आणि म्हणाली, "तोंड उघड. अल्लाहने दिलंय तसं वाच. हे तुला कुणी सांगितलं?"

शिट्टीने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता मेले. तर म्हणते कशी, कुणी नाही, मीच. हिला काय संत व्हायचंय का?

मग अम्मीने आम्हा दोघींची जोडी लावली. एक वाचणार, दुसरी शेजारी बसून लुकमा देणार. लुकमा म्हणजे घास. वाचणारी अडली की शेजारची पुढचा शब्द हळूच पुरवते, भरवल्यासारखा. वाचणारीने तो घ्यायचा आणि पुढे जायचं. विचार करत बसायचं नाही, वाद घालायचा नाही. अम्मी पहिल्या वर्षापासून हेच शिकवत आलीय — घास देणारीवर शंका घ्यायची नसते.

आज ती चार वेळा अडली, चारही वेळा मी दिला. मी एकदाही अडले नाही. हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

ती फक्त दोनदा अडली.

२७ सप्टेंबर, शनिवार

उद्या निवड. आज अम्मीने शिट्टीचा स्कार्फ नीट केला. सारखा घसरतो, वाचताना लक्ष जातं, म्हणून. आणि स्वतःच्या ओढणीची पिन काढून तिला लावली. ती निळ्या खड्याची! मी मागितली होती तेव्हा म्हणाली होती, हरवशील.

नंतर मला म्हणाली, उद्या ती वाचेल तेव्हा लुकमा तू दे. तिला तुझी सवय झालीय. मी म्हटलं, आणि मी वाचेन तेव्हा? तर म्हणाली, तुला लागतोय कुठे.

हे कौतुक होतं का? घरी येईपर्यंत तोच विचार करत होते. नव्हतं.

२८ सप्टेंबर, रविवार

सगळं क्रमाने लिहिते. नाहीतर पुढे मलाच खरं वाटणार नाही.

क़ारी साहेब लांब, खिडकीपाशी टेबलावर बसले होते. हातात पेन. चूक झाली की पेनाने टेबलावर एकदा टक करणार, तीन टक झाले की वाचन संपलं. मागच्या रांगेत आईबाप. शिट्टीचा बाप आज पहिल्यांदाच जिना चढून वर आला होता, कपडेही इस्त्रीचे. अम्मी माझ्या पाठीमागेच छोट्यांना घेऊन बसली होती. हात लांब केला असता तर माझी ओढणी तिच्या हातात आली असती.

मी आधी वाचलं. एकही टक नाही. क़ारी साहेब म्हणाले, ठीक. फक्त ठीक! आणि बाटलीतलं पाणी प्यायले.

मग ती. पहिल्या दोन ओळींतच त्यांनी पेन खाली ठेवलं. मी बघत होते. म्हातारा डोळे मिटून मान डोलवत होता, अगदी अम्मीसारखा. तेव्हाच माझं सगळं संपलं होतं. सहा वर्षं. एक शनिवार न चुकवता.

निम्म्याच्या जरा आधी ती श्वास घ्यायला थांबली. अडली नव्हती. फक्त श्वास. मी लुकमा दिला. मागच्या गल्लीतला.

तिने घेतला. क्षणभर डोळे माझ्याकडे वळले, पण घेतला आणि निघाली. टक. ती गांगरली, पुन्हा मागून धरलं, त्याच जागी आली. आता खरंच अडली. मी पुन्हा दिला, आणखी मागचा. घेतला. टक. तिसऱ्या वेळी तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं छोटी पोरं रस्ता ओलांडताना पाहतात. मी दिला. टक.

आणि मागून तिचा बाप जोरात म्हणाला, "माशाअल्लाह!" त्याला वाटलं टकटक म्हणजे शाबासकी. पोरीला तीन मिळाल्या, मला एकही नाही! अख्खी रांग हसली. तो सगळ्यांकडे बघून हसत होता. मग कुणीतरी त्याच्या कानात सांगितलं.

मीही हसले. हेही लिहून ठेवते.

निवड माझी झाली.

२९ सप्टेंबर, सोमवार

अम्मीने आज माझे केस विंचरले. किती वर्षांनी! निळ्या खड्याची पिन माझ्या टेबलावर ठेवली होती. शिट्टीकडून कधी परत घेतली कुणास ठाऊक.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

रोज संध्याकाळी अम्मी माझ्यासोबत बसते. आवाज कुठे उचलायचा, कुठे सोडायचा. रागावत नाही. काल चहा करून दिला. अब्बू म्हणाले, या घरात काय चाललंय, तब्येत बरी आहे ना दोघींची? आम्ही दोघी हसलो. एकत्र. मला त्या गोष्टीचं वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटत नाही. इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

४ ऑक्टोबर, शनिवार

वाटलं होतं शिट्टी येणार नाही. आली. छोटी पोरं टेबलावर बोटं आपटून तिला टक-टक-टक करत होती. मी त्यांना थांबवलं नाही. बाप जिन्यात नव्हता. खाली रस्त्यापलीकडे उभा होता.

चपला काढताना ती माझ्याशेजारी आली. मी तयारच होते, काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. ती म्हणाली, "मला येत होतं गं ते. पण तू वेगळं दिलंस, म्हणून मला वाटलं माझंच चुकतंय."

मी म्हटलं, तुझंच चुकत होतं. ती म्हणाली, हो ना. घरी जाऊन कुराण उघडून बघायला हवं होतं, पण अजून धीर होत नाही. आणि आत जाऊन बसली.

म्हणजे तिला अजूनही कळलेलं नाही! की कळलंय आणि ती मला खेळवतेय?

५ ऑक्टोबर, रविवार

जलशात मला लुकमा देणार शिट्टी. दुसरी आलेली देते, तशी पद्धतच आहे म्हणे. मी म्हटलं, मला लुकमा लागतोय कुठे. अम्मी म्हणाली, माइकवर भल्याभल्यांना लागतो.

तोंडचं पाणी पळालं. आतापर्यंत तिने घरी जाऊन पाहिलं असेल. तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हे मला चांगलंच माहीत आहे.

११ ऑक्टोबर, शनिवार

एकवीस वेळा न चुकता म्हटलं. तिची गरजच पडणार नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

गरज पडली.

हॉल गच्च भरला होता. अम्मी पहिल्या रांगेत, अब्बू तिच्या शेजारी. शिट्टी माझ्या डाव्या हाताला, मांडीवर हात ठेवून. तिचा बाप कुठे दिसला नाही. निम्म्यापर्यंत सगळं छान. अम्मीने डोळे मिटले. खरंच मिटले! ते बघितलं आणि तिथेच, त्याच जागी, माझं डोकं कोरं झालं.

शिट्टीने लगेच दिला. हळूच. त्या शब्दात स होता, फटीतून शिट्टी वाजली आणि माइकने ती उचलली. कुणीतरी मागे फिस्सकन हसलं. मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत मान हलवत होती — घे, घे. आणि माझ्या मनात आलं, हाच तो खोटा लुकमा. हिने वाट बघितली आणि आता देतेय. मी तिचा शब्द सोडला आणि दुसरा धरला.

गोल फिरले. पुन्हा त्याच जागी आले. तिने पुन्हा दिला, तोच. मी पुन्हा नाही घेतला. तिसऱ्या वेळी ती जवळजवळ रडत होती, माझ्या बाहीला धरून देत होती. मी बाही सोडवून घेतली. सगळ्यांनी पाहिलं. शेवटी क़ारी साहेबांनी माइक स्वतःकडे ओढला आणि म्हणाले, "बस, बेटा. अल्लाह क़ुबूल करे." तीनशे माणसं आमीन म्हणाली. टाळ्या वाजल्या असत्या तर इतकं लागलं नसतं.

घरी आल्यावर पिन काढून टेबलावर ठेवली. तिचा शब्द खरा होता की खोटा, अजून उघडून पाहिलेलं नाही. खोटाच असणार. खोटाच असायला हवा!

१३ ऑक्टोबर, सोमवार

अम्मी शाळेचा डबा भरत होती. पाठमोरीच म्हणाली, "काल त्या मुलीने दिलेला लुकमा बरोबर होता. आणि त्या दिवशी तू दिलेले तिन्ही चुकीचे. मला सगळे ऐकू आले होते."

मग त्या दिवशी बोलली का नाहीस, असं मी विचारलं.

"म्हटलं, निदान जलसा तरी निभावशील."

झाकण लावलं. डबा माझ्या हातात देऊन म्हणाली, पाण्याची बाटली विसरू नकोस.